पाकीट उघडा, उत्तर द्या

(आपल्या मंदिरात ज्येष्ठ मंडळींच्या मासिक मेळाव्यात कल्याण समितीच्या एका सदस्याने केलेले हे भाषण. त्या दिवशी येऊ न शकलेल्या अनेकांनी मागणी केल्यामुळे येथे छापत आहोत.)



आरती झाली, प्रसाद झाला, आता चहाची वेळ होत आली आहे हे मला ठाऊक आहे. फार ताणणार नाही. एरवी या वेळेला आपण मधुमेहावर बोलतो, मेडिकेअरवर बोलतो. आजचा विषय जरा अवघड आहे. क्रेडिट कार्डाचे पैसे थकले आणि कोर्टात दावा झाला, तर काय करायचे?

कोणी म्हणेल, हा विषय मंदिरात कशाला? मी म्हणतो, मंदिरातच हवा. कारण ही गोष्ट आपण घरात बोलत नाही, मुलांना सांगत नाही, शेजाऱ्याला तर नाहीच नाही. मग उरतो एक देव. मीही तीन आठवडे फक्त देवालाच सांगत होतो. होय, दावा माझ्यावरच झाला होता.

माझी पत्नी २०१७ च्या मार्चमध्ये गेली, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. त्याआधी दीड वर्ष ती अंथरुणाला खिळून होती. मेडिकेअर हॉस्पिटलचे देते, डॉक्टरचे देते. पण घरी रोज येऊन अंघोळ घालणारी, भरवणारी बाई ठेवायची, तर तो खर्च बहुतेक आपल्यालाच करावा लागतो. साठवलेले पैसे संपत आले तेव्हा मी कार्ड वापरू लागलो. आधी औषधे, मग किराणा, मग त्या बाईंना देण्यासाठी कार्डावरून रोख. ती गेली तेव्हा कार्डावर सुमारे ९,००० डॉलर होते. व्याज २४ टक्के. म्हणजे महिन्याला १८० डॉलर नुसते व्याज. माझी सोशल सिक्युरिटी तेव्हा १,६४० डॉलर. काही महिने थोडे थोडे भरले, मग हात टेकले.

पुढे फोन सुरू झाले. मग फोन बंद झाले, आणि मला वाटले, सुटलो. तसे नसते. साधारण सहा महिने पैसे आले नाहीत की मूळ बँक ते खाते बुडीत धरते, आणि पुष्कळदा दुसऱ्या कंपनीला स्वस्तात विकून टाकते. त्या दुसऱ्या कंपनीचे नावही आपण कधी ऐकलेले नसते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कोर्टाकडून एक जाड पाकीट आले. दावा लावणारी कंपनी मला अनोळखी होती, पण नाव माझे होते आणि रक्कम होती ११,८६० डॉलर.

ते पाकीट मी पुन्हा बंद केले आणि देवघराच्या खणात, पोथीच्या खाली ठेवून दिले.

आता हसू नका. तुमच्याही घरात असा एखादा खण असेल. माझे वडील म्हणायचे, कोणाचे देणे डोक्यावर घेऊन झोपू नये. पंच्याहत्तराव्या वर्षी आपल्यावर कोर्टाचा कागद यावा, याची मला इतकी लाज वाटली की तो कागद दिसेनासा केला म्हणजे देणेही दिसेनासे होईल असे वाटले.

आपल्या तुकोबारायांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची सावकारीची कागदपत्रे इंद्रायणीत बुडवली. पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. तुकोबा घेणेकरी होते. लोक त्यांचे देणे लागत होते. घेणेकऱ्याने कागद बुडवला तर ती दया होते. मी देणेकरी होतो. देणेकऱ्याने कागद बुडवला तर बुडतो तो स्वतःच.

मला कोणी वाचवले? आपल्या मंगळवारच्या भजनातल्या एका मित्राने. मी दोनदा भजनाला आलो नाही म्हणून ते घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "काय झालंय, सांगून टाका." मी खण उघडला. त्यांनी समन्सवरची तारीख बोटाने दाखवली आणि म्हणाले, "अजून दिवस आहेत. उठा."

तर मंडळी, आज तुम्ही एवढे एकच लक्षात ठेवून घरी गेलात तरी माझे काम झाले: समन्सला मुदतीत लेखी उत्तर द्यायचे. आपल्या न्यू जर्सीत ही मुदत ३५ दिवसांची असते, आणि तारीख समन्सवरच छापलेली असते. २०,००० डॉलरपर्यंतचे असे दावे इथे स्पेशल सिव्हिल पार्ट नावाच्या विभागात चालतात आणि समन्स बरेचदा टपालाने येते. म्हणून टपाल रोज बघा. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये मुदत वेगळी: समन्स हातात दिले असेल तर २० दिवस, अन्य मार्गाने आले असेल तर ३०. तुमची मुले कॅलिफोर्नियात असतील तर तिथे ३० दिवस. राज्य बदलले की नियम बदलतो, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, कागदावरची तारीख पाहा.

उत्तर दिले नाही तर काय होते? न्यायाधीश तुमची बाजू ऐकतच नाहीत, कारण ती मांडलेलीच नसते. एकतर्फी निकाल लागतो. मग कंपनी बँक खात्यावर जप्ती आणू शकते, नोकरी असेल तर पगारातून कापून घेऊ शकते, आणि निकाल राज्याच्या वरिष्ठ कोर्टात नोंदवला तर घरावर बोजा चढतो. न्यू जर्सीत असा निकाल २० वर्षे जिवंत राहतो. आपल्या वयाला २० वर्षे म्हणजे किती, याचा हिशेब मी करून दाखवत नाही.

आणखी एक चूक पुष्कळांची होते. कंपनीच्या वकिलाशी फोनवर बोलणे होते, तो गोड बोलतो, आणि आपल्याला वाटते मिटले. फोनवरचे बोलणे म्हणजे उत्तर नव्हे. तिकडे तडजोडीचे बोलणे चालू असतानाच इकडे मुदत संपून निकाल लागू शकतो. बोलणी करायची असली तरी उत्तर आधी दाखल करा.

उत्तरात काय लिहायचे? खोटे काहीही लिहायचे नाही. कार्ड माझे होते, मी वापरले होते. ते मी कबूल केले. पण ९,००० चे ११,८६० कसे झाले हे मला कोणी दाखवलेले नव्हते. म्हणून मी लिहिले की रक्कम मला मान्य नाही, खात्याची विवरणपत्रे दाखवा, आणि हे खाते तुमच्याकडे कसे आले तेही दाखवा. पुरावा मागणे हा उद्धटपणा नाही. वाण्याकडेसुद्धा आपण वही बघूनच पैसे देतो.

कर्ज किती जुने आहे तेही पाहा. असा दावा लावायला न्यू जर्सीत साधारण ६ वर्षांची मर्यादा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून ती ३ वर्षे झाली आहे. मर्यादा उलटून गेली असेल तर ते उत्तरात तुम्ही स्वतः लिहावे लागते. कोर्ट आपण होऊन लिहीत नाही. आणि जुन्या कर्जावर फोन आला म्हणून घाईने वीस-पंचवीस डॉलर पाठवू नका. काही राज्यांत तेवढ्याने घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

उत्तरासाठी कोर्टाचा छापील फॉर्म मिळतो. थोडी फी असते. उत्पन्न कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. एक प्रत समोरच्या वकिलाला पाठवायची आणि एक शिक्का मारून स्वतःजवळ ठेवायची. इंग्रजी बोलताना अडखळायला होत असेल तर कोर्ट विनामूल्य दुभाषी देते, मात्र आधी कळवावे लागते.

मी एकतिसाव्या दिवशी न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात जाऊन उत्तर दिले. मित्र बरोबर होते. बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो आणि कित्येक आठवड्यांनी मला भूक लागली.

सुनावणीच्या दिवशी काय होते, याची मला फार भीती होती. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणांत त्या दिवशी आधी दोन्ही बाजूंना तडजोडीची संधी देतात. कोर्टाच्या वतीने एक मध्यस्थ बसतो. कंपनीच्या वकिलाने माझ्यापुढे कागद सरकवला: पूर्ण रक्कम मान्य, महिना ३०० डॉलर, आणि निकाल माझ्या संमतीने आजच माझ्याविरुद्ध. मी सही करायला पेन काढलेच होते. मित्राने माझ्या हातावर हात ठेवला. मग मध्यस्थांनी समजावले की संमतीचा असला तरी तो निकालच. त्यापेक्षा लेखी तडजोड करा, हप्ते पूर्ण होईपर्यंत निकाल नको, आणि शेवटी दावा कायमचा काढून टाकायचा.

तासाभराने ठरले: एकूण ६,५०० डॉलर. १,५०० लगेच, आणि उरलेले ५,००० महिन्याला २५० प्रमाणे २० हप्त्यांत. एखादा हप्ता चुकला तर लगेच निकाल नाही. आधी लेखी सूचना आणि दहा दिवसांची सवलत.

इथे एक कबुली देतो. एकरकमी दिले तर ते ५,००० वर तयार होते. त्या रात्री मी मुलीला पहिल्यांदा सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, आईसाठी काढलेलं कर्ज माझं नाही का? मी देते ना पाच हजार." मी नको म्हटले. तो माझा ताठा होता. त्या ताठ्याची किंमत १,५०० डॉलर. तिला वाईट वाटले ते वेगळेच. ती रागावली पैशांवरून नाही, दोन वर्षे लपवले म्हणून.

तडजोड करताना काय पाहायचे ते आता थोडक्यात सांगतो. आपल्या दामाजीपंतांची कथा आठवा. विठोबा विठू महार होऊन बेदरला गेला, धान्याचे पैसे भरले, आणि पावती घेऊनच निघाला. साक्षात पांडुरंगाने पावती घेतली, तर आपण कोण?

पहिले, आधी कागद, मग पैसा. सही झालेली तडजोड हातात येईपर्यंत एक डॉलरही द्यायचा नाही.

दुसरे, त्या कागदावर एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा, कोणत्या खात्याचे देणे मिटले, आणि शेवटचा हप्ता दिल्यावर दावा पुन्हा लावता येणार नाही अशा रीतीने काढून टाकला जाईल, हे सगळे असायला हवे.

तिसरे, झेपेल तेवढेच कबूल करा. मोठेपणाने ४०० म्हणायचे आणि तिसऱ्या महिन्यात चुकायचे, यापेक्षा १०० म्हणा आणि पाळा.

चौथे, ज्या बँक खात्यात सोशल सिक्युरिटी येते, त्यातून परस्पर पैसे काढून घ्यायची परवानगी कंपनीला देऊ नका. मनी ऑर्डर किंवा चेक पाठवा आणि प्रत्येकाची प्रत ठेवा. माझ्याकडे एकवीस प्रती आहेत.

पाचवे, कर. कंपनीने ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त माफ केले तर १०९९-सी नावाचा फॉर्म येऊ शकतो, आणि माफ झालेली रक्कम उत्पन्न धरली जाते. मला ५,३६० डॉलरचा आला आणि त्यावर मला थोडा कर बसला. माफीच्या वेळी तुमचे एकूण देणे तुमच्या एकूण मालमत्तेपेक्षा जास्त असेल, तर ९८२ क्रमांकाचा फॉर्म भरून त्यातून सूट मिळू शकते. मात्र मालमत्तेत घर, गाडी, निवृत्तीचे खाते सगळे धरतात. तो फॉर्म आला की फेकू नका, कर भरून देणाऱ्याला दाखवा.

आता तुमच्यातले कोणीतरी मनात विचारत असेल, सोशल सिक्युरिटीवर तर जप्ती येत नाही ना, मग तडजोड तरी कशाला? प्रश्न बरोबर आहे. खासगी कर्जासाठी सोशल सिक्युरिटी किंवा एसएसआय जप्त करता येत नाही, हा केंद्र सरकारचा कायदा आहे. हे पैसे थेट खात्यात जमा होत असतील, तर जप्तीचा हुकूम आल्यावर मागच्या दोन महिन्यांत जमा झालेली तेवढी रक्कम बँकेने आपण होऊन सोडायची असते. पण तेच पैसे तुम्ही दुसऱ्या खात्यात फिरवलेत, किंवा मुलाच्या खात्यात मिसळलेत, तर ते कोणते हे सिद्ध करत बसावे लागते. म्हणून ते खाते वेगळे ठेवा.

मी तडजोड केली, कारण पैसे मी वापरले होते, थोडी शिल्लक होती, आणि जगून ते फेडता येण्यासारखे होते. पण तुमच्यापैकी कोणाचे सगळे उत्पन्न म्हणजे फक्त सोशल सिक्युरिटी असेल, घर भाड्याचे असेल, आणि हप्ता दिला की औषध थांबणार असेल, तर मी सांगतो, औषध आधी. वकिलाला विचारा, परिस्थिती कोर्टापुढे मांडा. न झेपणारा हप्ता कबूल करणे हा काही धर्म नव्हे. उत्तर मात्र तरीही द्यायचे, लपायचे नाही.

फोनवर धमक्या येतात, त्याविषयी दोन शब्द. क्रेडिट कार्डाच्या देण्यासाठी या देशात तुरुंग नाही. "आज चार वाजेपर्यंत गिफ्ट कार्डाने पैसे भरा, नाहीतर पोलीस येतील" असे म्हणणारा लबाड असतो. फोन ठेवा. वसुली करणाऱ्यांना सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ९ नंतर फोन करता येत नाही. मात्र निकालानंतर तुमच्या मिळकतीची माहिती मागणारा कोर्टाचा कागद आला तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. देण्यासाठी अटक नसते, पण कोर्टाचा हुकूम मोडल्यास येऊ शकते.

पती किंवा पत्नी गेल्यावर फक्त त्यांच्याच नावावर असलेल्या कार्डाचे पैसे कोणी मागितले, तर लगेच "हो, मी देते" म्हणू नका. ते देणे साधारणपणे त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून द्यायचे असते. काही राज्यांत नियम वेगळा आहे. आधी विचारा.

आणि "तुमचे कर्ज निम्मे करून देतो" अशा जाहिराती. फोनवरून असा करार करणाऱ्या कंपनीने काम होण्याआधी फी घेणे २०१० पासून नियमाने बंद आहे. जो आधी पैसे मागतो त्याला नमस्कार करा. शिवाय त्यांच्याकडे नाव नोंदवले म्हणून कोर्टातला दावा थांबत नाही.

मदत कुठे मिळते? उत्पन्न कमी असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीकडे. साठीच्या पुढच्यांसाठी प्रत्येक काउंटीत ज्येष्ठांचे कार्यालय आहे. तिथून विनामूल्य कायदेशीर मदतीचा पत्ता मिळतो. मी वकील नाही. मी फक्त एकदा पडून उठलेला माणूस आहे.

शेवटी समितीच्या वतीने विनंती. आपला कल्याण निधी कोणाचे कार्डाचे देणे फेडू शकत नाही, तेवढी आपली ऐपत नाही. पण कोर्टाची फी, कागदांच्या प्रती, जाण्यायेण्याचा खर्च एवढे आपण उचलतो. त्यासाठी दानपेटीशेजारच्या पाकिटात जमेल ते टाका. पैशांपेक्षाही माणसे हवी आहेत: कोर्टात गाडीने नेणारी, टपाल वाचून दाखवणारी, निवृत्त वकील किंवा हिशेबनीस असतील तर फारच उत्तम. दर रविवारी आरतीनंतर मी ग्रंथालयाच्या खोलीत बसतो. पाकीट न उघडता आणलेत तरी चालेल. आपण दोघे मिळून उघडू. तिथे ऐकलेले त्या खोलीबाहेर जाणार नाही, हा माझा शब्द.

माझा शेवटचा हप्ता २०२१ मध्ये गेला. दावा काढून टाकल्याचा कागद मी देवघराच्या त्याच खणात ठेवला आहे, पण पोथीच्या वर. मुलगी आली की खण उघडून बघते, बाबांनी नवीन काही लपवले नाही ना. मी तिला बघू देतो.

 चहा तयार आहे.

राम कृष्ण हरी.